बॅक स्पॉटचे हात: म्हापशातील एका चीअरलीडिंग वर्गाचा वर्षभराचा अनुभव

माझी १३ वर्षांची मुलगी गेल्या जूनपासून म्हापशातील एका चीअरलीडिंग वर्गात जाते. आठवड्यातून तीन संध्याकाळी दीड तासाचा सराव असतो आणि महिन्याची फी १,८०० रुपये आहे. वर्गाचे नाव मी देत नाही, कारण माझ्या तक्रारीबाबत संचालकांशी पत्रव्यवहार अजून चालू आहे. तरीही आपल्या मुलांना अशा वर्गात घालू पाहणाऱ्या पालकांनी शिकवणी, जागा आणि स्पर्धेचे परीक्षण या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या पारखून घ्याव्यात, असे मला मनापासून वाटते. आमच्या बाबतीत पहिली गोष्ट उत्तम, दुसरी बरी आणि तिसरी चिंता वाटावी अशी निघाली.

आपल्याकडे चीअरलीडिंग म्हटले की २००८ पासून आयपीएलच्या सीमारेषेवर नाचणाऱ्या मुली डोळ्यांसमोर येतात, आणि माझ्या सासूबाईंनीही सुरुवातीला त्याच समजुतीने नाराजी दाखवली होती. स्पर्धेतील चीअरलीडिंग हा मुख्यतः माणसाने माणसाला उचलण्याचा, उंच उडवण्याचा आणि झेलण्याचा खेळ आहे. अडीच मिनिटांच्या सादरीकरणात कोलांट्या, उड्या आणि नृत्यही असते. पण प्रेक्षकांचा श्वास रोखला जातो तो स्टंटच्या वेळी, जेव्हा दोन बेस खालून पाय धरतात, फ्लायर वर उभी राहते आणि बॅक स्पॉट मागून तिचे डोके, मान व पाठ सांभाळते. इंटरनॅशनल चीअर युनियन या जागतिक संघटनेला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२१ मध्ये पूर्ण मान्यता दिली, हे मी सासूबाईंना सांगितले तेव्हा त्यांचा फारसा विश्वास बसला नाही. एका संध्याकाळी सराव प्रत्यक्ष पाहिल्यावर मात्र त्या बदलल्या, आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्यांनीच देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले.

शिकवणीबद्दल मी चांगलेच लिहीन. पहिले दोन महिने कोचनी एकाही मुलीला खांद्याच्या उंचीपर्यंत उचलू दिले नाही. कसे पडावे, तोल गेलेल्या मुलीला जमिनीला टेकण्याआधी कसे धरावे, उचलताना कमरेवर ताण न घेता पायांतून जोर कसा लावावा, हे त्यांनी इतक्या वेळा करून घेतले की काही पालक कंटाळून ‘मुली वर कधी चढणार?’ असे विचारू लागले. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेने मॅट ओलसर होतात आणि तळहात घामाने निसटतात. अशा दिवशी कोच स्वतः मॅट पुसत, आणि तरीही मन मानले नाही तर उचलण्याचा सराव रद्द करून नुसता व्यायाम घेत. जुलैमधल्या कितीतरी संध्याकाळी अशाच गेल्या, पण फी वाया गेली असे मला एकदाही वाटले नाही.

जागेचे तसे नाही. हॉलची जमीन टाइल्सची आहे आणि तिच्यावर सुमारे साडेतीन सेंटीमीटर जाडीच्या फोमच्या पट्ट्या अंथरतात. जाडी योग्य आहे, संख्या अपुरी होती. स्पर्धेचे पूर्ण मैदान नऊ पट्ट्यांचे, ५४ फूट लांब आणि ४२ फूट रुंद असते. येथे पाचच पट्ट्या होत्या आणि कडेचा गट अर्धा टाइल्सवर उभा राहत असे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्ये केलेल्या शिफारशींत स्टंट कठीण पृष्ठभागावर करू नयेत आणि पिरॅमिड दोन माणसांहून उंच नसावा, असे स्पष्ट म्हटले आहे. ते मी संचालकांना दाखवले. दिवाळीनंतर आणखी दोन पट्ट्या आल्या आणि कडेला उचलणे बंद झाले, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

खरा वाद फेब्रुवारीत झाला. वर्गाने गोव्यातील आणि शेजारच्या सिंधुदुर्गातील मिळून सहा गटांची स्पर्धा भरवली आणि ती आंतरराष्ट्रीय नियमांतील काठिण्याच्या दुसऱ्या पातळीवर होईल असे जाहीर केले. या पातळीवर फ्लायरला दोन्ही पायांवर उभी करून बेसना हात डोक्यावर ताठ नेता येतात. एका पायावर मात्र तिला खांद्याच्या उंचीपर्यंतच नेता येते. खांद्याच्या वर जाणाऱ्या प्रत्येक स्टंटला स्वतंत्र स्पॉटर, म्हणजे पडणाऱ्या मुलीला सांभाळणारी, लागते. आणि स्पॉटर कोणाला म्हणायचे हेही ठरलेले आहे: तिचे धड स्टंटखाली असता कामा नये, आणि तिचे दोन्ही तळहात फ्लायरच्या तळपायाखाली किंवा बेसच्या हातांखाली असता कामा नयेत. तसे असतील तर ती वजन उचलणारी ठरते, आणि पडणाऱ्या मुलीची मान सांभाळायला तिचा एकही हात मोकळा राहत नाही.

माझी मुलगी बॅक स्पॉट, म्हणजे तिच्या गटाची स्पॉटर आहे. तिचे दोन्ही तळहात तळपायाखाली होते, म्हणून गटाला स्पॉटरच नव्हता, असे ठरवून परीक्षकांनी दोन गुण वजा केले. मी प्रेक्षागृहाच्या उजव्या बाजूने चित्रण केले होते. त्यात तिचा एक हात तळपायाखाली आणि दुसरा घोट्याभोवती स्पष्ट दिसतो, म्हणजे नियमाला धरूनच. परीक्षक समोरच्या टेबलाशी बसले होते आणि समोरून बॅक स्पॉटचे हात बेसच्या हातांआड जातात. जे दिसलेच नाही, त्यावर गुण कापले गेले.

त्याच दुपारी दुसऱ्या एका गटाची फ्लायर दोन्ही पायांवर पूर्ण उंचीला गेली आणि तिथे तिने एक गुडघा वर उचलला. परीक्षकांनी तो तोल सावरण्याचा प्रयत्न मानून किरकोळ गुण कापले. चित्रणात संगीताच्या तीन मात्रा होईपर्यंत तिचा पाय वर आहे आणि दोन्ही हात डौलात पसरलेले आहेत. तोल सावरणारी मुलगी असे हात पसरत नाही. तो ठरवून केलेला, या पातळीवर मनाई असलेला स्टंट होता. त्याहून वाईट म्हणजे काठिण्याच्या रकान्यात त्याच गटाला सर्वाधिक गुण मिळाले आणि तो पहिला आला. त्या मुलींचा यात दोष नाही. त्यांच्या कोचना जर असे कळले की मनाई मोडून मिळणारे गुण वजावटीपेक्षा जास्त आहेत, तर पुढच्या वर्षी सगळेच गुडघा उचलतील, आणि त्यांतल्या एखादीच्या खाली मॅट नसेल.

याचे मूळ मला एका गोष्टीत दिसते: सुरक्षेचे नियम तपासणारे आणि सादरीकरणाला गुण देणारे परीक्षक एकच होते. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेचे निकाल लागले की गोव्यात आठवडाभर परीक्षकांवर वाद होतात, आणि तो आवडीनिवडीचा वाद असल्याने चालून जातो. तळहात कुठे होता हा आवडीचा प्रश्न नाही. त्यासाठी कडेला उभा राहून फक्त नियम पाहणारा वेगळा माणूस हवा, आणि शंका आल्यास चित्रण तपासण्याची सोय हवी.

माझे माहेर लालबागचे. गोविंदांचे थर पाहत मी वाढले, म्हणून उंचीची ओढ मला परकी नाही. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने थरांना २० फुटांची मर्यादा घातली. पुढे २०१७ मध्ये उंचीची अट गेली आणि १४ वर्षांखालील मुलांवरील बंदी राहिली. अमेरिकेतही मार्च २००६ मध्ये बास्केटबॉलच्या सामन्यात एक महाविद्यालयीन चीअरलीडर पिरॅमिडवरून पडली, तिच्या मानेच्या मणक्याला इजा झाली आणि स्ट्रेचरवरून नेताना बँडच्या तालावर ती हातांच्या हालचाली करत राहिली. त्यानंतर तेथे महाविद्यालयीन संघांना बास्केटबॉलच्या कोर्टवर मॅटविना बास्केट टॉस, म्हणजे फ्लायरला हातांवरून उंच उडवून झेलणे, करण्यास मनाई झाली. दोन्ही ठिकाणी नियम आधी कोणीतरी पडल्यावर आले, हे मला आई म्हणून सतत टोचत राहते.

स्पर्धेच्या नियमानुसार आक्षेप फक्त कोचना, तोही आपल्याच गटाच्या गुणांबद्दल घेता येतो. आमच्या कोचनी तो घेतला. चित्रण पाहण्यास परीक्षकांनी नकार दिला. मी मार्चमध्ये संचालकांना पत्र लिहिले. उत्तर आले की पुढील वर्षी कडेला एक स्वतंत्र नियम-परीक्षक बसवला जाईल. चित्रणाबद्दल आणि दुसऱ्या गटाच्या काठिण्यगुणांबद्दल उत्तरात एक शब्दही नव्हता, म्हणून मी दुसरे पत्र पाठवले आहे. मुलीचे नाव मी पुढच्या वर्षासाठी नोंदवले आहे आणि सरावाला ती नेहमीप्रमाणे जाते. स्पर्धेच्या संमतिपत्रावर मात्र या दोन मुद्द्यांचे लेखी उत्तर मिळेपर्यंत मी सही केलेली नाही, आणि हे तिला स्वतःलाही पटले आहे.