गिट बायसेक्ट: 612 कमिटमधली एक ओळ हुडकून देणारं हत्यार

हिंजवडीतल्या एका मोठ्या कंपनीत बँकेच्या व्याजाचा हिशेब करणाऱ्या सिस्टिमवर मी नऊ वर्षं काम करतेय. कोड दीडशे माणसं लिहितात. कुठली ओळ का बदलली हे ज्याला माहीत, तो नेमका नोटीस पिरियड संपवून गेलेला असतो. मोठ्या कंपनीतल्या प्रत्येकानं बायसेक्ट, म्हणजे चूक नेमक्या कुठल्या बदलात शिरली ते शोधून देणारी गिटची कमांड, शिकावी असं मला वाटतं, ते यामुळेच.

गिट म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर. लिनस टोरवाल्ड्सनं 2005 मध्ये लिनक्स कर्नलसाठी, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी, ते लिहिलं. फुकट आहे, रोज सगळेच वापरतात. बायसेक्टला मात्र फारसं कोणी हात लावत नाही.

मार्चअखेरीला, नव्या रिलीजच्या टेस्टिंगमध्ये, एका खात्याचं व्याज एक पैसा जास्त आलं. एकच पैसा, पण ताळा जुळेना. कॉलवर अकरा जण, आणि प्रत्येकाचं एकच, ‘आमच्याकडे काही बदललेलं नाही.’ जुनं रिलीज बरोबर, नवं चूक, मधे 612 कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल. बायसेक्टला ही दोन टोकं दिली की ते मधला कमिट पुढ्यात ठेवतं. आपण ‘गुड’ की ‘बॅड’ एवढंच सांगायचं, निम्मे बाद. 612 चे 306, मग 153... दहा फेऱ्यांत निकाल. मी तर छोटी स्क्रिप्ट लिहून ‘बायसेक्ट रन’च्या हवाली केली, म्हणजे गुड-बॅड तीच आकड्यानं सांगते: उत्तर बरोबर आलं तर 0, चुकलं तर 1, बिल्डच झाला नाही (कोडमधून चालणारा प्रोग्रॅमच तयार झाला नाही) तर 125, म्हणजे हा कमिट सोडून पुढे चल. आमचा बिल्ड बारा मिनिटांचा. दोन तासांत कमिट हातात.

राउंडिंगची एक ओळ. ‘हाफ इव्हन’चं (बरोबर अर्ध्यावर आलं तर सम अंकाकडे) ‘हाफ अप’ (अर्ध्यावर आलं तर वरच) झालं होतं. 12.345 चे आधी 12.34 व्हायचे, आता 12.35. कमिट मेसेज: ‘क्लीनअप’. करणारी मुलगी कॉलेजातून नुकतीच आलेली, आणि तो बदल पास मीच केला होता. मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि अर्ध्या पैशाची टेस्ट आम्ही दोघींनी मिळून लिहिली. पुरावा समोर असल्यामुळे कॉलवर कुणावर आवाज चढला नाही. मला या हत्याराचं सगळ्यात जास्त कौतुक याचंच आहे.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला, कारण कमिट लहान असतील तरच याची धार चालते. पन्नास फायली एका कमिटमध्ये कोंबल्या असतील, तर ते ढिगापाशी आणून सोडतं, ढीग आपणच उपसायचा. आणि काम झालं की ‘बायसेक्ट रिसेट’ करा, नाहीतर दुसऱ्या दिवशी जुन्याच कोडवर काम सुरू होतं.