ब्रेनला मराठीत काय म्हणावं: मेंदू, डोकं, भेजा की बुद्धी?

अंधेरीतल्या एका डबिंग स्टुडिओत एक ओळ अडली होती. पडद्यावरचा पोलीस एका चष्मिस पोराकडे बोट दाखवून सांगतो की हा टोळीचा 'ब्रेन्स' आहे. मी लिहून नेलं होतं, 'हा टोळीचा मेंदू आहे.' आवाज देणाऱ्या काकांनी हेडफोन काढला आणि काचेपलीकडून विचारलं, 'मग यकृत कोण?' सगळे हसले, मीही हसले. ओळ बदलली: 'सगळं डोकं याचं.'

सबटायटल, डबिंग किंवा साधा लेख मराठीत आणायला बसलेल्या कुणालाही हा शब्द गाठतोच. शब्दकोश उघडला की पहिलं उत्तर मेंदू मिळतं आणि नवा माणूस तेच सगळीकडे चिकटवत जातो. माझं मत उलटं आहे. आधी 'डोकं' लावून बघा. बसलं नाही तरच पुढचे शब्द काढा.

त्याआधी इंग्रजीतला शेवटचा 'स' बघायची सवय लावून घ्या. एकटा ब्रेन म्हणजे कवटीतला अवयव, नाहीतर एखादा फार हुशार माणूस. ब्रेन्स म्हटलं की बहुतेक वेळा बुद्धी, किंवा ताटातला पदार्थ. आणि एकाच माणसाला 'द ब्रेन्स' म्हटलं असेल तर तो सूत्रधार. आपल्या बातम्यांत त्याचा 'मास्टरमाइंड' होतो, पण घरात बोलणारा माणूस 'यामागे डोकं कुणाचं?' असंच विचारतो.

मेंदू हा शब्द वस्तूचा. मोठ्या माणसाचा मेंदू साधारण 1.3 ते 1.4 किलोचा असतो, शरीराच्या वजनाच्या जेमतेम 2 टक्के, पण शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे 20 टक्के एकटा खातो. त्यात अंदाजे 8,600 कोटी चेतापेशी असतात. माहितीपटात असं काही चाललं असेल तर मेंदूच हवा, तिथे डोकं लिहिलंत तर केसांसकट वजन केल्यासारखं वाटेल. शाळेच्या मुलांसाठी लिहीत असाल तर पाठ्यपुस्तकातले प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क हे शब्द घ्या, कारण परीक्षेत त्यांना तेच लिहायचे असतात. मोठ्यांसाठी मोठा मेंदू, लहान मेंदू पुरे. नुसता 'मस्तिष्क' मात्र मला मराठीत हिंदी जाहिरातीसारखा ऐकू येतो.

आजारांच्या नावांत गंमत आहे. मेंदूज्वर मराठीत नांदतो, पण ब्रेन ट्यूमर आणि ब्रेन हॅमरेज तसेच राहतात. परळला कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलबाहेर चहाच्या टपरीवर उभं राहा, नातेवाईक फोनवर 'ब्रेनचा एमआरआय झाला' असंच सांगत असतात. लालबागच्या पात्राच्या तोंडी 'मेंदूतील अर्बुद' घातलंत तर ते पात्र गेलंच.

एका जागी मात्र चूक परवडत नाही, ती म्हणजे 'ब्रेन डेड'. इंग्रजीत हा शब्द टवाळीतही येतो, तेव्हा 'बिनडोक' किंवा 'ठोकळा' चालून जाईल. पण दृश्य आयसीयूचं असेल तर तो कायद्याचा शब्द आहे. 1994च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानं आपल्याकडे मेंदूमृत्यूला मान्यता दिली. चार डॉक्टरांचं मंडळ दोनदा तपासणी करतं आणि दोन तपासण्यांमध्ये किमान सहा तासांचं अंतर ठेवावं लागतं. हृदय मात्र व्हेंटिलेटरच्या आधारावर धडधडत असतं, छाती वर-खाली होताना दिसते. अशा दृश्यात मी एकदा डॉक्टरांच्या तोंडी 'मेंदू बंद पडलाय' असं घातलं होतं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडलं. त्या म्हणाल्या, 'बंद पडलेलं मिक्सरही चालू होतं गं. ऐकणारी आई आशा लावून बसेल.' कोमा लिहिणं तर सरळ चूक, कोमातून माणूस परत येऊ शकतो. तेव्हापासून मी डॉक्टरांच्या तोंडी 'मेंदूमृत' ठेवते आणि पुढच्याच वाक्यात 'मेंदूचं काम कायमचं थांबलंय' असं उलगडून घेते. एक ओळ वाढते, वाढू द्या.

आता डोकं. याची खरी सत्ता क्रियापदांवर आहे. डोकं चालतं, लागतं, फिरतं, खाजवलं जातं. 'यूज युअर ब्रेन' हे आईनं लेकाला म्हटलं तर 'डोकं वापर जरा', मित्रानं मित्राला म्हटलं तर 'डोकं लाव ना यार', आणि हाताखालच्यानं साहेबांना म्हणायचं असेल तर डोकं गाळूनच टाकावं लागतं: 'सर, एकदा विचार करून बघा ना.' इंग्रजीत ब्रेन हे क्रियापदही आहे, टाळक्यात हाणणं या अर्थाचं. तिथेही मराठीत डोकंच फुटतं, मेंदू नाही.

पण डोक्यात खड्डेही आहेत. 'कॅन आय पिक युअर ब्रेन' म्हणणारा माणूस आदबीनं सल्ला मागत असतो. त्याचं 'जरा तुमचं डोकं खाऊ का' केलंत तर समोरचा दार लावून घेईल. 'जरा सल्ला हवा होता' एवढं बास. 'मनी ऑन द ब्रेन' म्हणजे ध्यानीमनी पैसा. 'पैसा डोक्यात जातो' नाही, आपल्याकडे डोक्यात जातो तो फक्त शेजारी. आणि 'नो-ब्रेनर' पाहून हात 'बिनडोक'कडे वळतो, तो आवरा. अर्थ आहे 'यात विचार काय करायचाय!'

भेजा हा मुंबईचा लाडका. मोहम्मद अली रोडला रात्री अकरा वाजता तव्यावर जो मसाला खरपूस होत असतो तो भेजा फ्राय, मेंदू फ्राय कुणी मागत नाही. बोलण्यात तो मित्रामित्रांत चालतो, गिरगावातला मुलगा आजोबांसमोर वापरणार नाही. पंचविशीच्या आतल्या पात्राला शोभतो, तरी जपून, कारण त्यांच्यात आता 'डोक्याला शॉट' जास्त ऐकू येतं. त्याचा थोरला भाऊ मगज. तो फारसीतून आला, मराठीत मुख्यतः मगजमारीत उरला आणि भुलेश्वरच्या गुजराती मिठाईवाल्याकडे बेसन-तुपाच्या वड्यांत गोड झाला. मेंदूवडा हा तर निव्वळ घोटाळा. मूळ शब्द मेदू, कन्नडमध्ये त्याचा अर्थ मऊ, मधला अनुस्वार आपण आपल्या खर्चानं घातला. एका नव्या मुलीनं मराठी मालिकेचे इंग्रजी सबटायटल करताना नायकाला न्याहारीत 'ब्रेन फ्रिटर्स' खायला घातले होते. पकडलं गेलं, पण अगदी शेवटच्या फेरीत.

बुद्धी आणि अक्कल यांत निवडताना बोलणाऱ्याचा राग मोजा. कौतुक असेल तर बुद्धी, चीड असेल तर अक्कल. 'हाफ अ ब्रेन' असता तर, म्हणजे 'काडीची अक्कल असती तर'. 'ब्रेन ड्रेन' हा शब्द 1960च्या दशकात ब्रिटनमधले शास्त्रज्ञ अमेरिकेची वाट धरू लागले तेव्हा रुळला. त्याला मराठीत 'बुद्धिवंतांचं स्थलांतर' म्हणता येतं. पवईच्या आयआयटीबाहेर मात्र तो ब्रेन ड्रेनच.

काही जोडशब्दांत ब्रेन तसाच ठेवलेला बरा. ब्रेनवॉश 1950मध्ये एडवर्ड हंटर या अमेरिकी पत्रकारानं इंग्रजीत रुळवला, चिनी 'शी नाओ' म्हणजे शब्दशः मेंदू धुणं, यावरून. 'कान भरणं' जवळचं वाटतं, पण कान एखाद्या माणसाविरुद्ध भरले जातात, ब्रेनवॉशमध्ये सगळा विचारच बदलतो. ब्रेनस्टॉर्मला बैठकीत विचारमंथन ठीक. पण एकट्यादुकट्याच्या तोंडी आला तर बोलणारा कुठला ते बघा: अमेरिकी असेल तर त्याला काहीतरी भन्नाट सुचलंय, ब्रिटिश असेल तर बहुधा त्याचं डोकं क्षणभर चालेनासं झालंय.

डबिंगवाल्यांसाठी आणखी एक हिशेब असतो, ओठांचा. ब्रेन म्हणताना सुरुवातीलाच ओठ मिटतात. मेंदू, भेजा, बुद्धी, मगज यांतही मिटतात. डोकं आणि अक्कल म्हणताना उघडेच राहतात. पात्र लांब उभं असेल तर कुणाला कळत नाही. चेहरा पडदाभर असेल तर ओठ मिटलेले आणि कानावर 'डो', हे प्रेक्षकाला कारण न कळताही खटकतं. सबटायटल करणाऱ्यांना ही कटकट नाही, त्यांनी खुशाल डोकं वापरावं.

त्या चष्मिस पोराचा प्रश्न पुढच्या भागात परत आला. तोच पोलीस, तेच वाक्य, पण यावेळी कॅमेरा अगदी नाकासमोर. 'सगळं डोकं याचं' ओठांवर बसेना. काकांनी तीनदा करून पाहिलं, मग स्वतःच म्हणाले, 'भेजा याचाच आहे.' बसलं.