जुन्या मॉरिसला डायनामो शोधला, नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

नऊ महिने आणि साधारण चार हजार किलोमीटर झाल्यावर लिहितोय. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक केलं असतं आणि नंतर तोंडघशी पडलो असतो. गाडी मॉरिस मायनर 1000, 948 सीसीवाली, 12 व्होल्ट, पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं). डायनामो, म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारा, लुकासचा सी40, 22 अँपिअर.

सुरुवात सगळ्यांची होते तशीच, इंजिन चालू असताना इग्निशनचा लाल दिवा विझेना. मी लगेच दुसरा डायनामो शोधायला लागलो आणि तिथेच चुकलो. आधी असलेला खरंच मेलाय का हे बघायला दहा मिनिटं पुरतात. डायनामोच्या डी (आउटपुट) आणि एफ (फील्ड) दोन्ही वायरी काढायच्या, ती दोन टर्मिनल एका तारेने जोडायची, व्होल्टमीटरचं एक टोक त्या तारेला आणि दुसरं बॉडीला, मग इंजिन हळूहळू हजार आरपीएमपर्यंत न्यायचं. काटा सरसर वर चढला तर डायनामो ठणठणीत आहे, दोष वायरीत किंवा रेग्युलेटरच्या (चार्जिंग काबूत ठेवणाऱ्या) डब्यात. पण 20 व्होल्टपर्यंत जाऊ द्यायचा नाही, उगाच रेस करू नका. काटा हललाच नाही तर आधी कार्बन (फिरत्या भागाला टेकणारे ब्रश) बघा, अर्धा-एक व्होल्ट दाखवला तर फील्ड कॉइलवर (बॉडीतल्या स्थिर गुंडाळीवर) संशय, चार-पाचला अडकला तर आर्मेचर (आतला फिरणारा भाग). माझा साडेचारला अडकला होता. म्हणजे मेला होता तो आर्मेचर, अख्खा डायनामो नाही, पण हे मला कळलं ते एक डायनामो विकत घेऊन बसल्यावर.

तो पहिला "रीकंडिशन्ड" म्हणून मिळाला, काळाकुळीत रंग, एकदम नव्यासारखा. सहा आठवडे चालला, मग मागून चिरचिर आवाज आणि पुन्हा लाल दिवा. उघडला तर कार्बन तेवढे नवे, कम्युटेटरला (आर्मेचरच्या टोकाच्या, कार्बन घासतात त्या कड्याला) खोल चर पडलेला, त्याच्या तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक वर आलेला आणि मागचा बुश (शाफ्टला आधार देणारी नळी) कोरडा ठाक. रंगाचे पैसे दिले म्हणायचं. तेव्हापासून एक नियम केलाय, मागचं झाकण उघडून कम्युटेटर दाखवत नसेल त्याच्याकडून घ्यायचं नाही.

अजून एक गंमत म्हणजे सी40 म्हटलं की सगळे सी40 सारखे असं विकणारे बिनधास्त सांगतात. तसं नाहीये. काहींना मागे रेव्ह काउंटरची (इंजिनचे फेरे दाखवणाऱ्या मीटरची) ड्राइव्ह असते, सी40एल हा लांब बॉडीचा आणि 25 अँपिअरचा, आणि आधीचा सी39 लांबून अगदी तसाच दिसतो पण 19 अँपिअरचा. बॉडीवर पाच आकडी नंबर ठोकलेला असतो, बऱ्याचदा बनवल्याची तारीखपण असते, रंगाखाली दडला असेल तर खरवडून वाचा. फोटोवरून घेत असाल तर बोल्टच्या कानांमधलं अंतर आणि शाफ्टची जाडी मोजून मागवा, कारण पुली आणि तिच्यावरचा पंखा तुमच्या जुन्याचाच बसवायचा असतो.

दुसरा आणला तो कोरा करकरीत, नव्याने बनवलेली कॉपी. दिसायला छान, पण कानाचं भोक ढिलं, त्यामुळे पुली तिरकी आणि बेल्ट एका कडेने झिजायला लागला. बुशिंग घालून जमलं असतं कदाचित, मला धीर नव्हता, परत केला.

शेवटी माझाच जुना डायनामो बांधून घेतला. आर्मेचर बदललं, फील्ड कॉइल मोजली तर साधारण 6 ओहम, म्हणजे चांगली, ती तशीच ठेवली. पुढे नवं बॉल बेअरिंग, मागे नवा ब्राँझचा बुश, तो बसवायच्या आधी 24 तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायचा, लोक हेच टाळतात. अभ्रक पट्ट्यांच्या खाली साधारण 0.8 मिलिमीटर कापून घेतला. कम्युटेटर साफ करताना एमरी पेपर लावू नका, त्याचे कण फटीत अडकून शॉर्ट करतात, काचपेपरच वापरा.

आणि बसवल्यावर पोलॅरिटी (प्लस-मायनसची दिशा) देणं! नवा बांधलेला किंवा दुसऱ्या गाडीतून काढलेला डायनामो कुठल्या अर्थवर होता कोणाला ठाऊक, उलटा राहिला तर कटआउटचे (डायनामो बॅटरीला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट जळतात. लुकासला एफची वायर काढून बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टोकाकडून आलेली तार एफ टर्मिनलला क्षणभर दोन-तीनदा टेकवायची, बारीक ठिणगी दिसते, झालं. पण हीच पद्धत डेल्को-रेमीला चालत नाही, त्यात फील्डचा अर्थ बाहेर रेग्युलेटरमधून होतो, म्हणून तिथे रेग्युलेटरवरचं बॅटरीचं आणि आर्मेचरचं टर्मिनल क्षणभर जोडतात. अमेरिकन गाडीवाल्यांनी माझं ऐकून एफला तार लावू नये, आधी आपलं सर्किट बघावं.

आता वापराबद्दल. आयडलला लाल दिवा मंद पेटतो आणि हेडलाइट पिवळे पडतात, पहिला महिना मी याच काळजीत काढला. डायनामो असाच असतो, जरा रेव्ह आल्याशिवाय चार्ज करत नाही, त्याला अल्टरनेटरचे (आताच्या गाड्यांतल्या, हळू फिरतानाही चार्ज करणाऱ्या यंत्राचे) नियम लावून चालत नाही. रेग्युलेटर तपासताना ओपन सर्किटला (बॅटरी सोडवून) 16 व्होल्टच्या आसपास दिसले तेव्हा बॅटरी उकळणार म्हणून घाबरलो होतो, पण लुकासच्या आरबी106 डब्याचं बॅटरी सोडवून मोजायचं सेटिंग तेवढंच असतं, बॅटरी जोडली की खाली येतं.

हॅलोजनचा हिशोब मात्र आधी करायला हवा होता. 55 वॅटचे दोन दिवे म्हणजे नऊएक अँपिअर, साइड-टेल दोनेक, कॉइल तीन-चार, वायपर दोन-तीन, झाले सतरा-अठरा, आणि 22 मिळतात ते गाडी पळत असताना. पावसात रात्री हळू चालवलं की बॅटरीतूनच जातं. मी जुने बल्ब परत लावले, मागे एलईडी घातले, तेव्हापासून तक्रार नाही. रोज रात्री ट्रॅफिकमध्ये चालवणार असाल तर डायनामोच्या बॉडीत बसवलेला अल्टरनेटर मिळतो तो घ्या, मी नाक मुरडणार नाही, फक्त पॉझिटिव्ह अर्थचा आहे ना ते विचारा, नाहीतर पहिल्याच जोडणीत डायोड जातील.

सहाव्या महिन्यात परत चिरचिर आली तेव्हा पोटात गोळाच आला, पण बेल्ट मीच जास्त ताणला होता. सगळ्यात लांब पट्ट्यात बोटाने दाबून अर्धा इंच दबायला हवा. ढिला केला, मागच्या भोकात तेलाचे दोन थेंब सोडले, आवाज गेला. कार्बन गेल्या आठवड्यात काढून बघितले, अजून भरपूर आहेत. तो काळाकुळीत पहिलावाला फळीवर पडून आहे, त्याचे फील्ड कॉइल चांगले निघाले, सुटे म्हणून ठेवलेत.