ठाण्यातला एसी अकोल्यात चालेल का?

एप्रिल लागला की मामेभावाचा अकोल्याहून फोन येतोच. यंदा म्हणाला, "दादा, तू घेतलास तोच एसी सांग, डोळे मिटून घेतो." माझा दीड टनाचा, पाच तारे, इन्व्हर्टर (गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा). त्याला म्हटलं, डोळे मिटू नकोस, तुझं आणि माझं घर शेजारी शेजारी मांडून बघू.

आधी टन. एक टन म्हणजे तासाला 12,000 बीटीयू, साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता खोलीबाहेर फेकायची ताकद. ही ताकद मोजतात बाहेर 35 अंश असताना. ठाण्यात मे महिन्यात पारा त्याच्याच आसपास असतो, त्यामुळे माझ्या 140 चौरस फुटांच्या, मधल्या मजल्यावरच्या बेडरूमला एक टनही पुरला असता. दुकानदाराच्या आग्रहाने दीड घेतला आणि आता खोली झटकन थंड होते, पण दमटपणा हवा तसा जात नाही. इकडची निम्मी लढाई घामाशी आहे आणि हवेतलं पाणी काढायला मशीन बराच वेळ चालू राहावं लागतं. अकोल्यात उलटं. बाहेर 45 अंश असताना त्याच मशीनची ताकद घटते, त्यात भावाची खोली गच्चीखालची, संध्याकाळी सातलाही स्लॅब तापलेला. तेवढ्याच खोलीला त्याने दीड टनच घ्यावा, आणि किती अंशांपर्यंत चालतो हे माहितीपत्रकात बघून घ्यावं.

आता तारे, म्हणजे एसीवरच्या लेबलवरचा वीजबचतीचा दर्जा. दुकानात सगळ्यात जास्त गोंधळ इथेच घालतात. लेबलवर वर्षाची युनिटं छापलेली असतात ती 1,600 तासांच्या वापराची. समजा तीन ताऱ्यांचा 1,000 युनिटं खातो आणि पाच ताऱ्यांचा 800, किमतीत फरक आठ हजारांचा. मी रात्री आठ तास, वर्षातून दोनशे रात्री लावतो, म्हणजे बरोबर 1,600 तास. वाचली 200 युनिटं. आणि ही युनिटं बिलाच्या वरच्या टप्प्यातली असतात, कारण महावितरणचा दर महिन्याला 100, 300, 500 युनिटं ओलांडली की टप्प्याटप्प्याने चढत जातो. एकूण बिलाला युनिटांनी भागून सरासरी काढलीत तर फसाल. वरच्या टप्प्याचे 15 रुपये धरले तर वर्षाला तीन हजार. तीन वर्षांच्या आत पैसे वसूल. भाऊ एसी लावणार दोन महिने, रोज सात तास. म्हणजे 420 तास, पन्नासेक युनिटं. उन्हात मशीन जास्त राबेल म्हणून 70 धरली तरी हजार-अकराशे रुपये. आठ वर्षं लागतील. त्याला तीन तारे बास.

लेबलवरचं सालही वाचा. निकष अधूनमधून कडक होतात, त्यामुळे जुन्या स्टॉकमधल्या पाच ताऱ्यांना आजचे पाच समजू नका. विंडो (खिडकीत बसणारा एकच डबा) आणि स्प्लिट (एक भाग आत, एक बाहेर) यांचे तारेही वेगवेगळ्या तक्त्यांवरून देतात. तारे मोजण्यापेक्षा लेबलवरचा आयएसईईआरचा (ISEER) आकडा बघा, म्हणजे खर्चलेल्या विजेच्या मानाने मशीन हंगामभरात किती थंडावा देतं ते. जितका मोठा तितकं बिल कमी.

विंडो की स्प्लिट यावर फार डोकं खाजवू नका. भाड्याचं घर आणि खिडकीची चौकट तयार असेल तर विंडो. काढून नेता येतो, गॅसच्या नळ्या सोडवायची भानगड नाही. आवाज मात्र सहन करावा लागतो. स्वतःचं घर असेल तर स्प्लिट.

माझी चूक झाली ती कॉइलमध्ये, म्हणजे ज्यातून एसीचा गॅस फिरतो त्या नळ्यांच्या वेटोळ्यात. आमच्या मागून नाला जातो. तिसऱ्या वर्षी थंडावा गेला, मेकॅनिकने इनडोअर उघडून कॉइलवर साबणाचा फेस लावला आणि एका वळणावर टपोरे बुडबुडे यायला लागले, म्हणजे गॅस तिथून गळत होता. नळी तांब्याची, पण काळी पडलेली. "नाल्याचा गॅस खातो हो साहेब," तो म्हणाला. तांबंच घ्या हे सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे. तांब्याची नळी दुरुस्त तरी होते. पण नाल्याकाठी किंवा खाडीकाठी राहत असाल तर कॉइलवर संरक्षक लेप आहे का आणि कॉइलची वॉरंटी किती वर्षांची, हे कॉम्प्रेसरच्या दहा वर्षांच्या जाहिरातीआधी विचारा. भावाला ही चिंता नाही. त्याला चिंता व्होल्टेजची. दुपारी पंखा रडत फिरतो तिथे "स्टॅबिलायझरची गरज नाही" या वाक्यावर मी तरी विसंबणार नाही.

राहिला कूलर. ठाण्यात तो दमट हवेत आणखी ओल सोडतो, म्हणजे निव्वळ शिक्षा. अकोल्याच्या कोरड्या उन्हात मात्र वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा एसीच्या तोंडात मारेल, तीही पंख्यापेक्षा थोड्याच जास्त विजेत. अडचण पाण्याची, नळ चार-पाच दिवसांनी येतो आणि कूलर टाकी पितो. शेवटी त्याने तीन ताऱ्यांचा दीड टन बेडरूममध्ये लावला. मामी अजून हॉलमध्ये कूलरसमोरच झोपते.