पगार वाढवायचा की सप्टेंबर हलका करायचा?

आमच्या बेळगावातल्या टिळकवाडीच्या छोट्या सीए ऑफिसात दरवर्षी हाच घोळ, पोरगं तयार झालं की पुणे नाहीतर बेंगळुरू. त्यात आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधीची ऑफिसातली उमेदवारी, आता ३ वर्षांवरून २ वर्षांवर आलीय, म्हणजे काम शिकतंय तोवर जायची वेळ होते बघा.

माणूस टिकवायचा तर पहिला पर्याय सरळ, पगार वाढवा. लगेच गुण येतो हे खरं, पण उद्यमबागच्या फौंड्रीवाल्याकडून आपल्याला फी किती मिळते आणि बेंगळुरूची मोठी फर्म किती देते, ती शर्यत आपण हरणारच. शिवाय एकाचा वाढवला की बाकीचे तोंड पाडून बसतात.

दुसरा म्हणजे कामाची पद्धत बदलणं. महिन्याच्या ११ ला जीएसटीआर-१ (जीएसटीचं विक्रीचं रिटर्न), २० ला ३बी (कर भरायचं रिटर्न), वर ३० सप्टेंबरच्या मुदतीचं टॅक्स ऑडिट, ह्यात माणूस रात्री ९ वाजता खानापूरची शेवटची बस पकडायला धावत असेल तर पगार कितीही द्या, तो वैतागणारच. क्लायंटकडून बिलं ५ तारखेपर्यंत मागवा, परीक्षेची रजा कुरकुर न करता द्या, आणि दोन-तीन क्लायंट पूर्ण त्याच्यावर सोपवा. निपाणीच्या व्यापाऱ्याशी मराठीत आणि ऑफिसरशी कन्नडमध्ये बोलणारा माणूस परत सापडत नाही हो!

मी दुसऱ्याच्या बाजूने. पण पगार अगदीच कमी असेल तर आधी तो नीट करा, नुसत्या रजेवर घरभाडं भागत नाही.