गरम झाली की बंद पडणारी जुनी गाडी आणि ओबीडी स्कॅनर: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गाडीने अठरा वर्षं पार केली आहेत. पेट्रोल, फ्युएल इंजेक्शन, हाताने गिअर टाकायची. सकाळी पहिल्या सेल्फला चालू व्हायची, वीस-पंचवीस मिनिटं सुरळीत धावायची आणि मग सरळ रस्त्यावर चालता चालता गप्प व्हायची. आधी मिसिंग नाही, धक्का नाही. कुणीतरी चावी फिरवावी तसं इंजिन जायचं. पंधरा मिनिटं बाजूला उभी केली की पुन्हा एका सेल्फला चालू. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत थंड झालेली असायची, त्यामुळे तिथे ती कधीच बंद पडली नाही.

अशा वेळी जे होतं तेच झालं. आधी प्लग बदलले, मग फ्युएल फिल्टर, मग थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ केली, शेवटी पेट्रोलचा पंपही नवा टाकला. थ्रॉटल बॉडीतला कार्बन निघाल्यावर आयडलिंग (गाडी उभी असतानाचं इंजिनाचं चालणं) सुधारलं, पण बंद पडणं तसंच राहिलं. एकदा आई मागे बसलेली असताना वळणावरच इंजिन गेलं. स्टेअरिंग एकदम जड झालं, ब्रेकचा बूस्टर पहिल्या एक-दोन दाबांपुरताच साथ देतो, नंतर पेडल दगडासारखं होतं. गाडी सुखरूप कडेला लागली, पण त्या दिवशी ठरवलं की आता अंदाजाने एकही पार्ट बदलायचा नाही.

म्हणून हा ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर घेतला. ओबीडी म्हणजे गाडीतला संगणक स्वतःच बिघाड नोंदवतो ती व्यवस्था. स्टेअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये बसतो आणि फोनवर इंजिनाची माहिती दाखवतो. सोबत मल्टिमीटर घरात होताच.

पहिला आठवडा निराशेचा गेला. नोंदवलेल्या बिघाडांचे कोड शोधायला लावला तर एकही कोड नाही. चेक इंजिनचा दिवाही कधी लागला नव्हता. बरेच जण इथेच स्कॅनर डब्यात ठेवून देतात, आणि मीही ठेवणारच होते. पण याचा खरा उपयोग कोड वाचण्यापेक्षा चालत्या गाडीची नोंद ठेवण्यात आहे. सुरुवातीला मी दहा-बारा आकडे एकदम निवडले होते. स्वस्त स्कॅनर आणि जुन्या गाडीचा कंट्रोल युनिट (इंजिन सांभाळणारा संगणक) यांच्यातलं बोलणं मुळात संथ असतं, त्यामुळे प्रत्येक आकडा काही सेकंदांनी एकदा यायचा. इंजिन जाण्याचा नेमका क्षण त्या फटीत निसटायचा. मग फक्त तीन ठेवले: आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे), वेग आणि कूलंटचं तापमान. आता नोंद दाट झाली.

अकराव्या दिवशी सापडलं. तिसरा गिअर, कूलंट ९४ अंश, वेग ४६. आरपीएमची रांग अशी: २१४०, २१३०, २१३०, ०, ०, ०. वेग मात्र ४६, ४५, ४३ असा हळूहळू उतरत होता.

ही रांग मी रात्री कितीतरी वेळ बघत बसले. गिअर लागलेला, क्लच सोडलेला, चाकं फिरत आहेत, म्हणजे इंजिनही त्यांच्याबरोबर फिरत असणारच. पेट्रोल संपलं असतं किंवा पंप बसला असता तरी आरपीएम वेगाबरोबर उतरत गेला असता, थेट शून्यावर आला नसता. इंजिन फिरतंय आणि कंट्रोल युनिटला ते दिसत नाही, याचा अर्थ त्याला फिरण्याची खबर देणाराच गप्प झाला होता. म्हणजे क्रँक सेन्सर (इंजिनाचा मुख्य दांडा, क्रँकशाफ्ट, फिरतोय हे कळवणारा) किंवा त्याची वायर. ती खबर थांबली की कंट्रोल युनिट इंजेक्टर आणि स्पार्क दोन्ही बंद करतो. कोड का पडला नाही तेही लक्षात आलं: सिग्नल नाही म्हणजे इंजिन थांबलं, इतकंच त्याने समजून घेतलं असणार. सगळ्या गाड्या असं करतात असं नाही, कित्येकींत अशा वेळी पी०३३५ हा क्रँक सेन्सरचा कोड येतो.

पुढचं काम मल्टिमीटरचं. माझ्या गाडीतला सेन्सर दोन तारांचा आहे, चुंबकावर गुंडाळलेली तांब्याची कॉइल. (कॉइलऐवजी इलेक्ट्रॉनिक चिप असलेला हॉल प्रकारचा सेन्सर असेल तर असा रेझिस्टन्स मोजून काही कळत नाही, तिथे इग्निशन चालू ठेवून सप्लाय आणि सिग्नल बघावा लागतो.) थंड असताना ८७० ओहम आले, म्हणजे वरकरणी ठणठणीत. पुढच्या वेळी गाडी बंद पडली तेव्हा तिथल्या तिथे बॉनेट उघडलं, कनेक्टर काढला आणि पुन्हा मोजलं. मीटर ओहम दाखवायलाच तयार नाही, सर्किट उघडं. सेन्सरवर ओला फडका ठेवला आणि प्रोब लावून बसले. तीनेक मिनिटांत आकडा लुकलुकला, गेला, परत आला आणि ८९०च्या आसपास स्थिरावला. कनेक्टर लावला, सेल्फ मारला, गाडी चालू. आतली केसासारखी तार कुठेतरी तुटलेली होती आणि तापून फाकली की तिची टोकं सुटत होती. इतक्या महिन्यांचा त्रास त्या एका लुकलुकणाऱ्या आकड्यात समोर दिसला, तेव्हा मला खरंच भरून आलं.

नवा सेन्सर बसवताना दोन गोष्टी मुद्दाम बघितल्या. जुन्याच्या टोकाला लोखंडाचा बारीक कीस चिकटला होता, म्हणून बसायची जागा नीट पुसली. आणि वायर एक्झॉस्टपासून लांब ठेवणारी मूळची क्लिप तुटलेली होती, ती बदलली. या क्लिपकडे सहसा कुणी बघत नाही, पण तापलेल्या एक्झॉस्टला टेकलेली वायर नव्या सेन्सरसकट पुन्हा तोच त्रास देते.

त्यानंतर गाडी चालताना एकदाही बंद पडलेली नाही.

पाचव्या महिन्यात मात्र सिग्नलला थांबताना इंजिन जायला लागलं. तक्रार ऐकायला सारखी, जात वेगळी: हे हळूहळू डचमळून बंद व्हायचं. फ्युएल ट्रिम बघितले, म्हणजे कंट्रोल युनिट ठरलेल्यापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल सोडतोय ते आकडे. आयडलला लाँग टर्म (दीर्घकाळाचा) ट्रिम १८ टक्के वर, २५०० आरपीएमला जेमतेम ४. कुठून तरी न मोजलेली हवा आत येत होती. अशी गळती आयडलला जास्त भोवते, कारण तेव्हा इंजिनाला मुळातच हवा थोडी लागते. क्रँककेसचा ब्रीदर पाइप (इंजिनाच्या खालच्या भागातली वाफ बाहेर नेणारा) खालच्या बाजूने चिरला होता, वरून बघून कधीच दिसला नसता. एकेक पाइप हाताने चिमटून बघितला, हा चिमटल्यावर आयडलिंग लगेच सावरलं. एवढं मात्र लक्षात ठेवा की ट्रिमची ही खूण हवेचं वस्तुमान मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत स्पष्ट दिसते. इनटेकमधला दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरवाल्या इंजिनात ती इतकी सरळ येत नाही.

स्कॅनरच्या उणिवा सांगायलाच हव्यात. सॉकेटमध्ये लावून ठेवला तर गाडी बंद असतानाही तो बॅटरी खात राहतो. दहा दिवस उभ्या गाडीची बॅटरी माझी एकदा बसली. ब्लूटूथ मध्येच सुटतं, तेव्हा नोंद तुटते. माझ्यासारख्या गाडीत पेट्रोलचा दाब तो दाखवत नाही, त्यासाठी इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलवर गेज लावावाच लागतो. कार्ब्युरेटरच्या गाडीला तो निरुपयोगी आहे. आणि कोड पुसायचं बटण फार सोपं ठेवलंय. ते दाबलं की बिघाडाच्या क्षणी जपलेले आकडेही जातात, म्हणून आधी लिहून किंवा फोटो काढून ठेवा.

आता दर महिन्याला थंड इंजिनापासून अर्ध्या तासाची नोंद घेते. ट्रिम तीनच्या आसपास आहेत. गेल्या दोन नोंदींमध्ये कूलंट ८० अंशांपर्यंत चढायला पूर्वीपेक्षा बराच वेळ घेतंय आणि मोकळ्या रस्त्यावर पुन्हा खाली उतरतंय. थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारा-मिटणारा व्हॉल्व्ह) उघडाच राहतोय अशी शंका आहे. या रविवारी रेडिएटरचा वरचा पाइप चाचपून बघणार आहे.