सात महिने घरात वावरलेला मुलांचा तराजू

वस्तू: दोन पारड्यांचा प्लास्टिकचा तराजू. पारडी म्हणजे अर्धा लिटरच्या दोन पारदर्शक बादल्या. सोबत 1, 2, 2, 5, 10, 20, 20 आणि 50 ग्रॅमची रंगीत वजनं, शिवाय 100 आणि 200 ची दोन धातूची. वापरणारे दोघे: थोरली आठ वर्षांची, धाकटा सहाचा.

आधी तक्रार. खोक्यातून काढला तेव्हाच तराजूला पासंग होता, रिकामी डावी बादली खाली झुकत होती. दांडीखाली सरकवायचा एक तुकडा असतो, त्याने काटा मध्यावर येतो. पण माहितीपत्रकात त्याबद्दल एक ओळही नव्हती, आणि पहिले दोन दिवस आमच्याकडे सगळ्याच वस्तू उगाच जड भरत होत्या. आता मुलं तोलायला बसली की आधी रिकामा तराजू बघतात, तेव्हा हा त्रास अगदीच वाया गेला असं नाही. दुसरं, दांडी जिथे टेकते तिथे घर्षण फार. दोन ग्रॅमच्या खालचा फरक काटा ओळखत नाही. म्हणजे 1 ग्रॅमचं वजन शोभेलाच.

स्वयंपाकघरात इलेक्ट्रॉनिक काटा असताना हा कशाला, असं घरातच विचारून झालं. त्या काट्यावर धाकट्याने खोडरबर ठेवलं, 17 आकडा आला, त्याने वाचला आणि पळाला. तेच खोडरबर बादलीत टाकल्यावर त्याला 50 लावून पाहावं लागलं, मग 20, मग 10, त्यावर 5, त्यावर 2. काट्यावर ठेवण्याआधी त्याचा अंदाज होता शंभर! आम्ही नियमच केला: आधी हातात धरून अंदाज वहीत लिहायचा, मगच तोलायचं. पहिल्या महिन्यातली पानं बघून हसू येतं. चौथ्या महिन्यापासून थोरलीचे अंदाज वीसेक ग्रॅमच्या आत येऊ लागले. मोठी पण हलकी वस्तू मात्र अजूनही दोघांना फसवते. खरं तर मलाही फसवते.

'दोनची वजनं दोन, मग तीनचं एकही का नाही?' हा प्रश्न धाकट्याचा. मी उत्तर दिलं नाही, 1 ते 10 जुळवायला बसवलं. 1, 2, 2, 5 एवढ्यात सगळे आकडे बसतात हे कळायला त्याला एक दुपार लागली. बेरजेचा इतका सराव वहीत कधी झाला नव्हता.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पाण्यात. रिकामा डबा एका बादलीत, दुसरीत 50, 10 आणि 2 ठेवून धडा केला, म्हणजे डब्याचं वजन आधीच फेडून घेतलं. मग डब्यात मापाने 100 मिलिलिटर पाणी ओतलं आणि पलीकडे 100 ग्रॅमचं वजन ठेवलं. काटा मध्यावर! थोरलीला वाटलं मी काहीतरी हातचलाखी केली. तिने स्वतः 50 मिलिलिटरवर पुन्हा करून पाहिलं. मग वाळू, मग कापूस. कापसाचं 100 ग्रॅम बादलीत मावेचना, तेव्हा लिटर आणि किलो ही वेगवेगळी मापं आहेत हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

चिकणमातीचा गोळा तोलून त्याची चपटी पोळी केली, तर धाकटा ठामपणे म्हणाला आता वजन वाढलं, 'कारण पसरली ना'. तराजूने नाही म्हटलं. त्याने पोळीचा पुन्हा गोळा केला, पुन्हा तोलला. या वयात हा गोंधळ व्हायचाच, समजावून तो जात नाही.

किलोसाठी मात्र हा संच लंगडा आहे. सगळी वजनं मिळून 410 ग्रॅम भरतात आणि दांडी किलो पेलत नाही. हजार ग्रॅमचा एक किलो हे मुलांना तोंडपाठ होतं, पण तो हाताला माहीत नव्हता. शेवटी लिटरभर पाण्याची बाटली दिली, बाटलीचं वजन वरकड. आता पुस्तक, बूट, दप्तर, सगळं त्या बाटलीशी ताडून बघतात.

वजनं खरी आहेत का? इलेक्ट्रॉनिक काट्यावर 50 चं प्लास्टिकचं वजन 48 निघालं. धातूची दोन्ही बरोबर. थोरलीने विचारलं, मग खरा किलो कुठे आहे? 1889 पासून पॅरिसजवळच्या सेव्र इथे प्लॅटिनम-इरिडियमचा एक सिलिंडर हाच खरा किलो मानला जायचा, हे तिला सांगितलं. शंभरेक वर्षांत तो आणि त्याच्या प्रतिकृती यांच्यात सुमारे 50 मायक्रोग्रॅमची तफावत दिसू लागली. म्हणून 20 मे 2019 पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावरून, म्हणजे निसर्गातल्या कधी न बदलणाऱ्या एका आकड्यावरून करतात. स्थिरांक म्हणजे काय ते तिला नको होतं. खऱ्या किलोतही फरक पडतो, एवढ्यावर ती खूश.

घ्यावा का? मूल पाच ते नऊ वर्षांचं असेल तर घ्या, पण धातूची वजनं असलेला. आणि वजनांसाठी झाकणाचा डबा वेगळा ठेवा. आमचं 20 चं एक वजन दुसऱ्याच महिन्यात हरवलं. थोरलीने उरलेल्या 20 शी तोलून चिकणमातीची गोळी केली, वर काडीने 20 कोरलं. आठवड्याने ती गोळी कमी भरायला लागली. माती सुकली होती, पाणी उडालं होतं. तिने पुन्हा तोलली, 20 वर पेनाने काट मारली आणि शेजारी 16 लिहिलं. ती गोळी अजून संचात आहे.